धुण्याच्या दगडातला समुद्र

आमचे सर बाजारातून दूध घेऊन निघाले, की घरी पोचेपर्यंत त्याचं दही होई. मी सांगतोय म्हणून खोटं वाटेल, पण वाटेत थांबून पिशवीत बोट घालून बघताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. बोट चाटून म्हणाले, "विरजण तुमच्या रत्नागिरीच्या हवेतच आहे." चालण्याचा दोष गेला हवेवर.

सर मूळचे देशावरचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि माझ्या शेजारच्या काकूंच्या घरात भाड्याने राहायला आले. माझा फोटो स्टुडिओ पुढच्या बाजूला, काकूंचं घर मागे, मध्ये कुंपण म्हणावं तर कुंपण नि म्हणू नये तर दोन पोफळी. कॉलेजातली माणसं निवृत्त झाली की जमीन घेतात, नाहीतर देव धरतात. सरांनी गोगलगाय धरली. तीही मेलेली, तीही दगडात, आणि तो दगडही दुसऱ्याचा.

त्यांची माझी ओळख पासपोर्ट फोटोमुळे झाली. मी कॅमेरा लावतोय तर हे स्टुलावर बसून उलट माझ्याकडेच टक लावून बसलेले. गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग. मग संथपणे, परीक्षेचं उत्तर सांगावं तसं म्हणाले, "आकार मध्यम, पोटाकडे फुगीर. खांदे गोलसर. कळस बसका, झिजलेला, गुळगुळीत. तोंड रुंद."

कळस म्हणजे माझं टक्कल हे कळायला मला अंमळ वेळ लागला.

"सर, हे काय?"

"वर्णन. शंखाचं असंच करतात. आधी आकार, मग खांदा, मग कळस, मग तोंड. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वर्णनात निंदा नसते."

"मग स्तुती?"

"तीही नसते," सर म्हणाले, आणि फोटोसाठी एकदम गंभीर झाले. तो फोटो मी अजून काचेखाली ठेवलाय. त्यात ते फोटो काढून घेणाऱ्यासारखे नाही, तपासायला आल्यासारखे दिसतात.

सगळ्यांचंच ते असं वर्णन करत. पोस्टमन 'लांबट, निमुळता, पृष्ठभाग खडबडीत'. देवळातले भटजी 'जाड कवचाचे'. फक्त काकूंचं वर्णन त्यांनी कधी केलं नाही. विचारलं तर म्हणत, "तोंड बघायचं धाडस होत नाही."

आणि तोंडाशिवाय वर्णन नाही हा त्यांचा नियम. "पाठ बघून ओळख सांगू नये. शंख उलटा करावा, तोंड बघावं, मगच बोलावं." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा बोलत, की आमच्या आळीतली माणसं पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची बंद झाली होती.

ते काकूंकडे कसे टिकले, ती हकीकत सांगतो. काकू म्हणजे आवाजाने नारळ पाडणारी बाई. खोली दाखवताना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, भिंतीला ओल आहे, कौल गळतं, मासे आणलेत तर बाहेर शिजवायचे. सर पाय धुवायला म्हणून मागीलदारी विहिरीकडे गेले ते परतलेच नाहीत. काकू बघायला गेल्या तर गृहस्थ धुण्याच्या दगडाशी पालथा पडलेला.

"अगो बाई! घेरी आली की काय!"

"घेतली," सर म्हणाले.

"काय घेतलीत?"

"खोली."

"अहो, पण आत येऊन बघा तरी आधी!"

"बघितली. बाहेरूनच."

तो दगड करलाचा होता. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले एकमेकांना धरून धरून आपोआप जो दगड होतो, त्याला आमच्याकडे करल म्हणतात. काकूंच्या सासऱ्यांनी तो कधीकाळी मुरुडहून होडीतून आणला होता. धुण्याला चांगला, कारण कपडा घसरत नाही. त्या दगडाच्या उजव्या अंगाला, काकूंचा हात जिथे पडे बरोबर तिथेच, बोटभर लांबीचा एक शंख रुतून बसला होता. उलटा धरलेला शेंगदाण्याचा पुडा जसा दिसेल तसा, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला बुटका कळस. पाठ वर, तोंड दगडात. साबणाने आणि काकूंच्या हाताने ती पाठ अशी झाली होती, की सूर्य तिच्यात बघून भांग पाडत असेल.

सरांचं म्हणणं, ही गोगलगाय आजच्या आपल्या किनाऱ्यावरची नाही. घडण वेगळी. कदाचित कोणीच तिला अजून नाव दिलेलं नाही. जगातून गेलीसुद्धा, आणि नाव नाही. जन्मभर सरांनी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं मुलांकडून पाठ करून घेतली होती. आता एक, एकच नाव आपण ठेवून जावं, एवढीच त्यांची इच्छा. पण नाव ठेवायला वर्णन हवं, वर्णनाला तोंड हवं, आणि तोंड काकूंच्या दगडात.

दगड मागायचा धीर त्यांना झाला नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "काकू, कपडे जरा डावीकडे आपटाल का?"

"मास्तर, जन्म गेला माझा ह्या दगडावर. डावीकडे आपटलं की पाणी माझ्याच अंगावर येतं. तुमच्या गोगलगायीसाठी मी काय रोज ओली होऊ?"

मग तह झाला. सकाळी दगड काकूंचा, दुपारी सरांचा. दुपारी सर त्या दगडाशी पालथे पडत, एक डोळा भिंगाला, दुसरा मिटलेला. तासच्या तास. एकदा एक धामण त्यांच्या पाठीवरून आरामात निघून गेली. सर भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "काकू, ओलं धुणं माझ्यावर नका हो वाळत घालू." धामणीलाच शरम वाटली असावी, कारण पुन्हा ती त्या परसात दिसली नाही.

संध्याकाळी मात्र सर बोलत. मी स्टुडिओ बंद करून पायरीवर येऊन बसे, काकू रहाटाशी वाती वळत. तशी मला गिऱ्हाइकं होतीच कुठे? फोटो सगळे आपापल्या मोबाइलवर काढतात, माझ्याकडे येतात ती फक्त हसायची सोय नसलेली कामं. तर सर सांगत. हिच्या कुळातली गोगलगाय दिवसभर वाळूत पुरून घेऊन झोपते. काळोख पडला की बाहेर येते. पुढे एक नळी, तिने पाणी ओढून वास घेते. चाल माझ्यासारखी, सर म्हणत, आणि खाणं मात्र मासे.

"मासे? हिला सापडतात कसे मेले?" काकू.

"हिच्या सोंडेत बाण असतो. विषारी. मासा जवळ झोपायला आला की हळूच टोचते. मासा तिथेच थांबतो. जणू त्याला काहीतरी आठवलं."

सरांचं हे 'जणू त्याला काहीतरी आठवलं' ऐकलं की मला नेहमी काहीतरी आठवल्यासारखं व्हायचं आणि काय ते आठवायचं नाही. बोलता बोलता ते हात वर करत आणि म्हणत, "आता भरती आलीय समजा. पाणी इथवर." पोफळीच्या अर्ध्यावर. आणि देवाशपथ सांगतो, त्या वेळी परस हिरवं होत जाई. रहाटाचा आवाज लांबून, पाण्यातून आल्यासारखा येई. दोरीवरची काकूंची लुगडी वारा नसताना हलत, संथ, शेवाळासारखी. एकदा पोफळीच्या झावळीखालून एक मासा गेलेला मी बघितलाय. काकू म्हणाल्या, वटवाघूळ असेल. असेल. पण त्याला खवले होते.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. सर आता नागपूरला मुलीकडे असतात, समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. फोनवर विचारतात, "भरती कशी आहे?" मी सांगतो, "पोफळीच्या अर्ध्यावर." ते समाधानाने फोन ठेवतात.

तर, सर नागपूरला जायच्या आधीचं, एका बॅटरीचं सांगतो. सरांनी कुठेसं वाचलं, की जुन्या शंखांचे रंग उडून गेले तरी खुणा राहतात, आणि एका खास जांभळ्या प्रकाशात त्या पुन्हा उजळतात. जिथे रंग होता तिथे चमक. मी ऑनलाइन ती बॅटरी मागवली. आता काळोख हवा, पण दगड परसात आणि सरांना रात्रीपर्यंत धीर नाही. आयुष्यात त्यांनी केलेली ही पहिली घाई. मग भर दुपारी मी स्टुडिओतला काळा पडदा आणला, काकूंनी वर दोन गोधड्या घातल्या, आणि त्या तंबूत दगडाभोवती आम्ही तिघं उकिडवे बसलो. आत असा उकाडा, की अंडं धरलं असतं तर पिल्लूच नव्हे, त्याची नातवंडंही बाहेर पडली असती.

मी बॅटरी लावली.

आधी दिसले काकूंचे दात. निळे, पिठूर चांदण्यासारखे. मग सरांचा बनियन, असा पेटलेला की त्यात सर दिसेनात. मग काकू ओरडल्या, "फोटोवाले, तुमचा पुढचा दात काळा कसा हो?" तो दात खोटा आहे हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

आणि मग दगडात तो शंख जागा झाला. त्याच्या पाठीवर ओळीत, एकाखाली एक, बारीक निळे-पांढरे ठिपके. वेढ्यावेढ्याने फिरत गेलेले. कोणी दिवाळीत पणत्या मांडत मांडत समुद्राच्या तळाशी उतरून जावं तसे. माझ्या कानात पाणी भरल्यासारखं झालं.

"ठिपके," सर पुटपुटले. "ह्या घडणीची, ठिपक्यांची आपल्याकडे नाहीच. कुठेच नाही. नवीन आहे ही." मग म्हणाले, "काकू, हिला तुमचं नाव."

"माझं कशाला मेलं? तुमचं द्या की."

"आपलं आपण द्यायचं नसतं. रीत नाही. आधी कुळाचं नाव, मग तुमचं. जग असेपर्यंत राहील."

काकूंनी त्या ठिपक्यांवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे नाव नको. हे लग्नात ह्यांनी तांदळात लिहून दिलेलं. माहेरचं चालेल?" आणि सरांच्या कानाशी वाकून त्यांनी ते सांगितलं. त्या नावाने त्यांना हाक मारणारं कोणी आता जगात उरलं नव्हतं. मला ते ऐकू आलं नाही, आणि मी, शेजारच्यांची भांडणं तीन घरांपलीकडून ऐकणारा माणूस, मीही ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना म्हणे त्याचं काहीच नव्हतं. फक्त दूधवाल्याला, मासेवालीला, देवळातल्या सगळ्यांना आणि मुंबईच्या मुलाला त्यांनी सहज सांगितलं, की आपल्या नावाची गोगलगाय पुस्तकात यायची आहे. मुलगा म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?"

राहिलं तोंड. सर रोज दगडाभोवती फिरत आणि परत येत. शेवटी काकूच म्हणाल्या, "फोडा तो."

"काकू, दगड जाईल."

"जाऊ दे. लेकाने मशीन पाठवलंय, ते धूळ खातंय. तुम्ही नागपूरला जायच्या आधी नाव लागू दे एकदा. मला बघायचंय." आणि मग हळू, त्यांच्यापुरतं हळू, म्हणजे फक्त दोन आळ्यांना ऐकू जाईल असं, "मी गेल्यावर तेवढं तरी कोणी वाचील."

पाथरवट आला. त्याने दगडाला कान लावला, छिन्नी ठेवली आणि एकच ठोका दिला. दगड उकलला. शंख सरांच्या ओंजळीत पडला, अंगावर एक चरासुद्धा नाही. काकूंनी आधी दगडाच्या दोन तुकड्यांकडे बघितलं, मग पदराने उगाच तोंड पुसलं. पाथरवटाला चहा पाजून मी वाटेला लावला आणि पुन्हा तंबू. पुन्हा आम्ही तिघं.

सरांनी शंख उलटा केला. इतकी वर्षं जे तोंड बघायचं होतं ते समोर आलं. मी बॅटरी लावली.

निळे ठिपके नव्हते. एकही नाही. त्या बाजूला होते मंद नारिंगी पट्टे, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे, दोन, रुंद. सरांनी शंख परतला. पाठीवर ठिपके. पुन्हा उलटा केला. पट्टे. एकाच गोगलगायीने पुढून एक आणि मागून एक साडी नेसावी तसं.

मग सरांची नजर स्वतःच्या बनियनवर गेली. तो तसाच निळा पेटलेला. तिथून काकूंच्या पदराकडे. तिथून माझ्या सदऱ्याकडे.

"काकू," ते फार सावकाश म्हणाले, "धुण्याची पावडर कुठाय?"

काकूंनी गोधडीखालून हात बाहेर घालून डबा आत ओढला. सरांनी चिमूटभर पावडर तळहातावर घेतली आणि बॅटरीखाली धरली. तळहातावर चांदणं पडलं. तेच. अगदी तेच निळं.

सरांनी तळहात झटकला. खिशातला दात घासायचा जुना ब्रश काढला आणि तांब्यातल्या पाण्याने शंखाची पाठ घासत बसले, बाळाची घासावी तशी. शंखावरच्या ओळीतल्या बारीक खळग्यांत जन्मभराची पावडर बसली होती. एकेक करून पणत्या विझल्या. खालून वर आले ते नारिंगी पट्टे, दोन, रुंद.

"ही मला माहीत आहे," सर म्हणाले. "आपल्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर, खडकांत असते. आजही. हजारदा बघितलीय मी. इथे झिजलेली पाठ बघितली आणि... पाठ बघून बोललो." आणि मग माझ्याकडे न बघता, "नवीन काही नाही. काकूंचा साबण आहे तो."

मी गोधडी बाजूला केली. ऊन आत आलं. सर त्या उन्हात असे बसले होते, की त्यांचं वर्णन करायचं झालं तर फक्त 'कवच रिकामं' एवढंच करता आलं असतं. काकूंचा फुटलेला दगड एका बाजूला, काकूंचं न लागलेलं नाव कुठेच नाही. आता ह्या बाईच्या तोंडून काय निघेल म्हणून मी पोफळीला धरून उभा राहिलो.

"म्हणजे, ती जिवंत आहे?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"हीच. हिच्या घरातली. लेकी, नाती."

"आहे ना. खूप आहेत."

"मग रडताय कशाला मेल्यागत! म्हणजे ती नाहीशी झाली असती तर माझं नाव लागलं असतं, असं ना? नको हो बाई. माझ्या नावापायी कुणाचं घर बुडायला नको." मग त्यांनी दगडाचा मोठा तुकडा पायाने हलवून बघितला. "हा पुरतोय मला. आणि हे बघा, हिच्या जागी कसा छान खळगा झालाय. साबणाची वडी बसेल."

बसली. अजून बसते. मशीनवर काकू पापड वाळत घालतात.

दोन दिवसांनी उतरत्या दुपारी, ओहोटी बघून, आम्ही रिक्षाने आरे-वारेला गेलो. कल्पना काकूंची. "दाखवा तरी मला." वळणावर खाली दोन्ही किनारे दिसले, आणि रिक्षावालासुद्धा, जो रोज तिथूनच जातो, जरा हळू झाला. समुद्र मागे सरून बसला होता. खडकांत जागोजागी डबकी, प्रत्येकात आकाशाचा एकेक तुकडा. त्या खडकांवर सर आमच्यापुढे असे निघाले, की पहिल्यांदाच मला त्यांना गाठायला धाप लागली. माणूस हळू नव्हता हो. आम्ही त्याला जमिनीवर बघत होतो, एवढंच.

एका डबक्याशी ते थांबले. "आहे. हात लावू नका, टोचते."

वाळूत अर्धी पुरलेली, मळकट तपकिरी साल पांघरलेली, बोटभर. सालीच्या फटीतून जरासा नारिंगी रंग. मला विचाराल तर दगड. पण काकू पदर खोचून, गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. कुठेतरी लांब पाणी परत फिरल्याचा आवाज झाला. उन्हात डबकं हललं आणि क्षणभर काकूंचं तोंड आणि ती गोगलगाय एकाच पाण्यात दिसली.

"अगो," काकू म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "मी वच्छी. तुझ्या कुठल्याशा खापरपणजीच्या पाठीवर जन्मभर धुणं आपटलं हो मी. मला ठाऊक नव्हतं. राग धरू नको."

गोगलगाय हलली नाही. मग वाळूतून हळूच एक नळी वर आली, शेवयाएवढी, आणि काकूंच्या दिशेने वळून थांबली.

"काय करत्ये ती?" काकूंनी श्वास धरून विचारलं.

सर शेजारी गुडघ्यांवर बसले. भिंग डोळ्याला लावलं.

"वास घेतेय, वच्छी," ते म्हणाले. "साबणाचा."